नॅरोबोटवर कोणती टोपी घ्यावी? आधी सांगा, उभं कुठे राहणार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून तुम्ही सहा जण इंग्लंडला येताय. रेनबरीहून नॅरोबोट, म्हणजे आत राहता येईल अशी कालव्यावरची अरुंद, लांब बोट, भाड्याने घेऊन लँगॉलेन कालव्याने वेल्समधल्या लँगॉलेनपर्यंत जायचं आणि आठवड्यात परत यायचं. बरोबर सासू-सासरे, नवरा, दीर आणि सात वर्षांची मुलगी. सासरे कानटोपीशिवाय घराबाहेर पडत नाहीत, सासूबाई म्हणतात पदर आहे की डोक्याला, नवऱ्याने क्रिकेटची टोपी भरली आहे आणि तुम्हाला मोठ्या काठाची गवती हॅट घ्यायची आहे. प्रत्येकाने एकेक टोपी आणली तर भागेल का?

नाही भागणार. पण बारा टोप्याही नकोत. सोळा वर्षं मी या कालव्यांवर बोट चालवते आहे. दर उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या नातलगांना आणि ओळखीच्यांना घेऊन जाते, आणि टोपीबाबत आता माझा एकच आग्रह असतो: टोपी माणसाची निवडू नका, जागेची निवडा. बोटीवर उभं राहायच्या किंवा बसायच्या जागा तीन. मागे सुकाणूवर, खाली उतरून लॉकवर (म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला, पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारा हौद), आणि पुढच्या टोकाला बाकावर. तिन्ही ठिकाणी डोक्याला वेगळं काही लागतं. सुकाणूवरची टोपी ज्याच्या हातात सुकाणू असेल त्याने घालायची, पाळी बदलली की टोपीही बदलायची. त्यामुळे ती मागेपुढे आवळता येईल अशीच घ्या.

सुकाणूवाल्याचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त भोगायचं त्यालाच असतं. नॅरोबोट रुंदीला जेमतेम साडेचार हात, म्हणजे 2.1 मीटरच्या आत, आणि लांबीला सहा जणांची असेल तर अठरा-वीस मीटर. चालवणारा अगदी मागच्या टोकाला उघड्यावर उभा असतो. डोक्यावर छप्पर नाही, समोर काच नाही. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे माणूस चालतो तेवढीच, त्यामुळे पाऊस आला तर पटकन कुठे पोचू असं होत नाही. छत्री धरता येत नाही: एक हात सुकाणूवर हवा, दुसरा इंजिनाच्या दांड्याजवळ, आणि दर थोड्या अंतराने विटांचा कमानी पूल येतो. तेव्हा छत्री, टोपी, गॉगल या तिघांचं काम एकट्या टोपीने करायचं असतं.

जूनमधलं तिथलं ऊन फसवं असतं. दुपारी 17-18 अंश, वारा गार, स्वेटर घालावासा वाटतो आणि आपल्याला वाटतं हे काय ऊन आहे! पण पहाटे पाचच्या आत उजाडतं आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक 6-7 पर्यंत जातो. पुण्याच्या मे महिन्याशी त्याची तुलना नाही हे खरं, पण पुण्यात मे महिन्यात तुम्ही सहा-सात तास एका जागी उन्हात उभ्या राहत नाही. इथे राहावं लागतं. आणि त्वचा भाजते ती सुट्टीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी, उकडत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात न येता. कपाळ, नाकाचा शेंडा, कानांच्या पाळ्या आणि मान, या चार जागा सांभाळायच्या. क्रिकेटची टोपी पहिल्या दोन सांभाळते, उरलेल्या दोन उघड्याच राहतात.

तुमच्या मार्गात आणखी एक गोष्ट आहे. रेनबरी ते लँगॉलेन हा प्रवास ढोबळमानाने पश्चिमेकडचा आहे. म्हणजे जाताना दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट डोळ्यांत येणार, आणि परत येताना सकाळचं. जूनमध्ये तिथली संध्याकाळ फार लांबते आणि सूर्य बराच वेळ खालीच रेंगाळतो. पाण्यावरची चकाकी वेगळीच. सुकाणूवरच्या टोपीला पुढे चांगला काठ हवा तो यासाठी, आणि त्या काठाची खालची बाजू गडद रंगाची बघून घ्या. पांढऱ्या काठाखाली पाण्यावरचा उजेड उलटा आदळून डोळ्यांत येतो. दुकानात हे कोणी सांगत नाही, पण दिवसभर उभं राहिल्यावर दोन टोप्यांतला फरक संध्याकाळी डोळ्यांना कळतो.

पण काठ फार मोठाही नको, आणि म्हणूनच तुमची गवती हॅट मला पटत नाही. सुकाणूवर माणसाला सारखं वर बघावं लागतं. पुलाची कमान किती खाली आहे, विलोची फांदी कुठे लोंबते आहे, काटेरी हॉथॉर्न कालव्यावर किती झुकलं आहे. दहा सेंटिमीटरच्या काठाखालून हे दिसतच नाही. दिसतं तेव्हा फांदीने टोपी उचललेली असते. मागेही सारखं वळून बघावं लागतं, कारण नॅरोबोट मधल्या भागाभोवती फिरते आणि तिचं मागचं टोक कुठे जातंय हे डोळ्यांनीच बघायचं असतं. रुंद, कडक काठ रेनकोटच्या कॉलरला अडतो आणि मान पूर्ण वळायच्या आत टोपी पुढे सरकते. माझ्या हिशेबाने सुकाणूवर सहा-सात सेंटिमीटरचा, चारही बाजूंनी थोडा उतरता, जरा ताठ पण वाकणारा काठ सगळ्यात बरा. गवत आणि रॅफियाच्या हॅट पुढच्या बाकावर, हवा पडलेली असताना, फोटोसाठी छान दिसतात. पावसात भिजल्या की त्यांचा आकार जातो तो जातोच.

रेनकोटची टोपडी हे पाणी अडवायचं उत्तर वाटतं, पण सुकाणूवर ती एकटी घालू नका. डोकं वळतं आणि टोपडी तिथेच राहते, म्हणजे मागे वळल्यावर आपण तिच्या अस्तराकडे बघत असतो. शिवाय कानांवर कापड घासून कुरकुर होते आणि पुढून कोणी ओरडलं तर ऐकू येत नाही. त्यात तुमच्या दिरांना चष्मा आहे म्हणता. चष्मेवाल्याला पावसात काठ हवाच, नाहीतर दर दोन मिनिटांनी काचा पुसायच्या, आणि पुसायला कोरडं काही उरत नाही. रिमझिम असेल तर काठाची टोपी एकटी पुरते. मुसळधार असेल तर आत क्रिकेटची टोपी आणि वरून रेनकोटची टोपडी. मग टोपडी डोक्याबरोबर वळते आणि काचांवर पाणीही येत नाही. नवऱ्याने भरलेली टोपी या कामाला येईल, ती राहू द्या.

कापडाचं सांगायचं तर जाड सुती टोपी भिजली की दुसऱ्या दिवशी सकाळीही ओलसर असते, कारण बोटीत सहा जणांचे कपडे वाळवायला जागा नसते. नायलॉन-पॉलिएस्टरची लवकर वाळते. मेण लावलेल्या सुती कापडाची पावसाला उत्तम, पण जूनमध्ये दुपारी डोकं उकडतं. कालव्यावरच्या जुन्या माणसांची आवडती ती ट्वीडची चपटी टोपी मलाही आवडते. बारीक पावसात ती पाणी धरून ठेवते, गळू देत नाही. पण पूर्ण भिजली की जड होते, आणि घाईने शेगडीजवळ वाळवली तर आक्रसून पुन्हा डोक्यात जात नाही. कॅनडाच्या अ‍ॅलेक्स टिली यांनी 1980 मध्ये नौकानयनासाठी म्हणून बनवलेली हॅट इथे पुष्कळांच्या डोक्यावर दिसेल. ती पाण्यावर तरंगते आणि तिला दोन दोऱ्या असतात, एक हनुवटीखाली आणि एक डोक्यामागे. किंमत बरीच आहे. आठवड्यासाठी घ्यायची गरज नाही, पण तिच्या दोन दोऱ्यांची युक्ती उचलावी अशी आहे. वारा समोरून आला तर हनुवटीची दोरी धरते, मागून आला तर मागची. पुण्यात घेतलेल्या कुठल्याही टोपीला शिंपी अर्ध्या तासात तशी दोरी लावून देईल.

टोपी घेताना घरी एक परीक्षा करा. ती घालून छताकडे बघा, मग दोन्ही खांद्यांवरून मागे बघा, मग वाकून पायाचे अंगठे धरा, आणि शेवटी टेबलफॅन पूर्ण वेगावर लावून त्याच्यासमोर आणि त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहा. चारही वेळा हात न लावता टोपी जागेवर राहिली तरच ती बॅगेत जाऊ दे. केस लांब असतील तर ज्या पद्धतीने तिथे बांधणार तसेच बांधून बघा. उंच अंबाड्यावर कुठलीच टोपी बसत नाही. वेणी किंवा मानेवर खाली बांधलेला अंबाडा असेल तर बसते.

आता लॉक. तुमच्या मार्गावर जाताना बारा लॉक आहेत आणि येताना तेच बारा. त्यातले सहा ग्रिंडली ब्रुकला एकाच ठिकाणी, आणि त्यांपैकी तीन तर जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकमेकांना जोडलेले. लॉकवर काम करणारा माणूस विंडलास नावाच्या हँडलने पॅडल, म्हणजे पाणी सोडणारी झडप, वर चढवतो, मग दरवाजाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून दरवाजा ढकलतो. इथे ऊन-पावसापेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या: कान उघडे हवेत आणि अंगावर लोंबणारं काही नको. पॅडलच्या दातेरी चाकांत दोरी, ओढणी, पदर, काहीही जाऊ शकतं. म्हणून लॉकवर आखूड काठाची, डोक्याला घट्ट बसणारी टोपी घाला, आणि हनुवटीची दोरी असेल तर तिचं टोक टोपीच्या आत खोचा. लॉकवर रंगही बघा. पिवळी, नारिंगी, लाल अशी भडक टोपी असली की वीस मीटर मागे उभ्या असलेल्या सुकाणूवाल्याला आपला माणूस कुठे आहे ते दिसतं. इंजिनाच्या आवाजात हाका ऐकू जात नाहीत. आम्ही खुणा ठरवून घेतो, आणि खुणेआधी टोपी दिसते.

सासूबाईंच्या पदराबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. डोक्यावर पदर घेऊन पुढच्या बाकावर बसायला काहीच हरकत नाही. उलट सुती पदर मान आणि कान दोन्ही झाकतो, जे क्रिकेटच्या टोपीला जमत नाही. फक्त टोक कमरेला घट्ट खोचलेलं हवं. पण बोटीच्या मागच्या भागात आणि लॉकवर पदर किंवा ओढणी डोक्यावर चालणार नाही. काही वर्षांपूर्वी व्हिक्सल मॉसवर, म्हणजे तुमच्याच मार्गावर, माझ्या भाचीची ओढणी डोक्यावरून उडाली आणि मागे पाण्यात पडली. मी इंजिन न्यूट्रलला घेईपर्यंत बोटीच्या पाण्याखालच्या पंख्याने ती ओढून घेतली होती. इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात ठेवली, मागच्या फळीखालचं झाकण उघडलं आणि कोपरापर्यंत हात थंड पाण्यात घालून ब्रेड कापायच्या सुरीने ती ओढणी बोटभर-बोटभर तुकड्यांत कापून काढली. ओला जॉर्जेट पंख्याच्या दांड्यावर इतका आवळून बसतो की दोरखंड वाटावा. दीड तास लागला. व्हिक्सल मॉस हा पीटचा दलदलीचा मोकळा प्रदेश आहे, कालवा तिथे सरळ जातो आणि आडोसा नाही, वारा एका बाजूने सलग येतो. तिथे सगळ्यांच्या टोप्या बांधलेल्या असू द्या.

तुमच्या सासूबाईंना एक गोष्ट नक्की आवडेल. या कालव्यांवर पूर्वी मालवाहू बोटींवर कुटुंबंच्या कुटुंबं राहायची. त्या बायका बॉनेट घालायच्या. मी स्टोक ब्रुअर्नच्या कालव्याच्या संग्रहालयात तसलं बॉनेट पहिल्यांदा नीट न्याहाळलं आणि मला आजीने शिवलेली कुंची आठवली. समोर कपाळावर चुण्यांच्या आणि शिवणीच्या ओळींवर ओळी घालून ताठ केलेला काठ, आणि मागे मानेवरून थेट खांद्यांपर्यंत उतरणारी कापडाची झालर. बाळाच्या कुंचीला मागे जी पाठ झाकणारी झूल असते तीच, फक्त मोठ्या बाईच्या मापाची. त्या बाया दिवसभर सुकाणूवर उभ्या असायच्या, ऊन मानेवर, पाऊस मानेवर, आणि त्या झालरीने दोन्ही अडायचं. सुती, पांढरी किंवा बारीक नक्षीच्या कापडाची बॉनेट असायची. 1901 मध्ये व्हिक्टोरिया राणी वारली त्यानंतर काळ्या बॉनेटची रीत पडली. पुरुष चपट्या टोप्या घालायचे. ज्यांचा जन्म बोटीवर गेला त्यांनी डोक्यासाठी काय निवडलं हे बघितलं की आजच्या दुकानातल्या टोप्यांतून निवडणं सोपं होतं. मानेवर झालर असलेली टोपी आजही मिळते. सासूबाईंसाठी मी तीच सुचवते, पदराच्या ऐवजी किंवा पदराच्या आतून. त्यांना ती परकी वाटणार नाही.

सासऱ्यांची कानटोपी जरूर आणा. सकाळी नऊ-दहा अंश असतात, पाण्यावरून येणारा गारवा वेगळा, आणि बहात्तराव्या वर्षी कान झाकलेले बरे. ती पुढच्या बाकावर, सकाळच्या चहापर्यंत. मात्र ते लॉकवर हौसेने मदतीला उतरले, आणि उतरतीलच, तर कानटोपी काढायला सांगा आणि लोकरीची साधी टोपी द्या, जिच्यातून कान मोकळे ठेवता येतील. श्रवणयंत्र असेल तर कानटोपीखाली ते शिट्टी वाजवत राहतं, तेव्हा त्यांना कानांवर न येणारी टोपीच द्या.

मुलीचं माप वेगळं आहे. ती डेकवर असेल तोवर लाइफ जॅकेट अंगावर असणारच, आणि मुलांच्या जॅकेटला मानेमागे जाड कॉलर असते. मुलगी खाली बसली किंवा वर बघायला लागली की ती कॉलर टोपीचा मागचा काठ वर उचलते आणि टोपी पुढे डोळ्यांवर येते. मूल चिडून टोपी काढून टाकतं आणि आपण म्हणतो ही टोपी ठेवतच नाही. तिला मागे कडक काठ नसलेली, मऊ झालरीची टोपी घ्या. हनुवटीची दोरी अशी हवी की ओढ बसली की बक्कल आपोआप सुटेल. कुठे अडकली तर टोपी जाऊ दे, गळ्याला फास नको. आणि जॅकेट घालूनच टोपी बसते का ते बघा, दुकानात नुसत्या डोक्यावर नाही. कॅप्टनची पांढरी टोपी तिला हवी असेल तर तिथे घेऊन द्या. तिला मजा येईल, आणि पुढच्या बाकावर बसून समोरून येणाऱ्या बोटी मोजायचं काम ती टोपी घालून मनापासून करेल.

डोकं आपटण्याबद्दल बोलायलाच हवं. मी पाहिलेल्या टेंगळांपैकी बहुतेक पुलांवर नाही, तर केबिनमधून मागे वर येताना सरकत्या झाकणाच्या कडेवर झाली आहेत. काठाची टोपी घालून पायऱ्या चढताना वरची कड दिसत नाही. आमच्या बोटीत नियम आहे: आत जाताना टोपी काढून दाराच्या आतल्या हुकावर टांगायची, बाहेर पूर्ण उभं राहिल्यावर घालायची. बोटीच्या टपावर टोपी ठेवू नका, पहिली फांदी ती घेऊन जाते. तुमच्या मार्गावर उचलते पूलही आहेत, रेनबरीपासूनच. उचललेला पूल पूर्ण उभा राहत नाही, जरा कालव्यावर कलतो. सुकाणूवाल्याने उलट्या बाजूला सरकून उभं राहायचं आणि टोपीच्या काठाखालून नव्हे तर मान वर करून त्याच्याकडे बघत जायचं.

बोगदे तीन आहेत: एल्समियरचा लहान, चर्कचा 421 मीटर आणि व्हाइटहाउसेसचा 175 मीटर. आत काळोख, विटांतून थेंब टपकतात आणि हवा एकदम गार होते. तिथे काठाची टोपी उतरवा आणि पातळ लोकरीची घट्ट टोपी घाला. थेंबांपासून वाचवते, आणि डोकं कुठे घासलंच तर मध्ये लोकरीचा थर असतो. पुढे कधी यॉर्कशरकडच्या स्टँडेज बोगद्यात जायची हौस झाली तर तिथे कडक हेल्मेट घालावं लागतं. तो पाच किलोमीटरचा आहे, या देशातल्या कालव्यांवरचा सगळ्यात लांब. तुमच्या मार्गावर त्याची गरज नाही.

आणि पोंटकसल्टे. त्यासाठीच सगळे या कालव्यावर येतात. टॉमस टेलफर्ड आणि विल्यम जेसप यांनी बांधलेला, 1805 मध्ये खुला झालेला जलसेतू. डी नदीच्या खोऱ्यावरून 307 मीटर लांब ओतीव लोखंडाची पन्हळ, नदीपासून सुमारे 38 मीटर उंच. 2009 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. एका बाजूला पायवाट आणि कठडा आहे. दुसऱ्या बाजूला कठडाच नाही, पन्हळीची कड पाण्याच्या थोडीशी वर संपते आणि पुढे नुसती हवा. सुकाणूवर उभं राहिलं की एका कुशीला दरी. खोऱ्यातून वारा वर येतो तो टोपीच्या काठाखालीच शिरतो. टोपी उडाली की हात आपोआप तिच्यामागे जातो, आणि त्या बाजूला हात जायला नको म्हणून मी जलसेतूच्या अलीकडे, फ्रॉनच्या उचलत्या पुलापाशीच सगळ्यांच्या टोप्या गोळा करून केबिनमध्ये ठेवते. मुलीची बांधलेली असली तरी. दहा-पंधरा मिनिटं उघड्या डोक्याने काही होत नाही. जलसेतू संपला की ट्रेव्हर येतं, तिथे बोट बांधून टोप्या घाला आणि फोटो काढा.

एवढं करूनही एखादी टोपी उडेलच. तेव्हा काय करायचं हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा, कारण त्या क्षणी कोणी ऐकत नाही. ग्रिंडली ब्रुकलाच एकदा आम्ही खाली उतरत होतो. लॉकमधलं पाणी कमी होत होतं आणि जावेची हॅट वाऱ्याने उडून बोट आणि भिंतीच्या मध्ये पडली. सुकाणूवर माझे दीर होते. काठावरचे दोघं, पुढे बसलेले तिघं आणि दीर, सगळ्यांचे डोळे हॅटकडे. कोणी आकडी आण म्हणतंय, कोणी वाकतंय. तेवढ्यात बोट हळूहळू मागे सरकत होती. लॉकच्या वरच्या दरवाजाच्या आत पाण्याखाली दगडी उंबरा असतो. उतरताना बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं आणि पाणी उतरत राहिलं तर मागचा भाग वर अडकतो, पुढचा खाली जातो आणि बोट बुडते. उंबरा कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी रेघ काठावर रंगवलेली असते. मी तिकडे बघितलं तेव्हा मागचं टोक रेघेच्या पलीकडे गेलं होतं. मी ओरडले, दिरांनी बोट पुढे घेतली, काठावरच्या भाचीने धावत जाऊन पॅडल खाली सोडलं. बोट टेकली नव्हती. हॅट लॉकच्या तळाशी गेली, दुसऱ्या दिवसापर्यंत माझे हात थरथरत होते.

त्यामुळे लॉकमध्ये पडलेल्या टोपीकडे कोणीही बघायचं नाही. बोट बाहेर पडली, बांधली, मग परत जाऊन बघा. बोट आणि भिंतीच्या मध्ये हात घालायचा नाही, पाय तर नाहीच. मोकळ्या कालव्यात पडली तर सुकाणूवाल्याने न्यूट्रल करायचं आणि बोट तिच्या बाजूने आपोआप जाऊ द्यायची. रिव्हर्स घेतला तर पंखा टोपीला खेचतो. पायवाटेवरून कोणी चालत असेल तर तो बोटीच्या लांब आकडीने काढू शकतो. पाण्यात उतरून कोणीही नाही.

काढलेली टोपी तशीच डोक्यावर घालू नका. कालव्याच्या पाण्यात उंदरांच्या मुतातून येणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात. मुंबईत 2005 च्या पुरानंतर जी साथ पसरली तोच आजार, इथे त्याला वाइल्सचा आजार म्हणतात. टोपी साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि हाताला खरचटलेलं असेल तर दुसऱ्याला धुवायला द्या. परत गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत कोणाला ताप आणि अंगदुखी झाली तर डॉक्टरांना कालव्याच्या पाण्याबद्दल आठवणीने सांगा.

तर तुमच्या सहा जणांच्या बॅगेत मी हे भरलं असतं: सुकाणूसाठी आवळता येणाऱ्या, दोन दोऱ्यांच्या, गडद अस्तराच्या दोन टोप्या, म्हणजे एक भिजली तर दुसरी. लॉकसाठी दोन भडक रंगाच्या, घट्ट बसणाऱ्या. सासूबाईंना आणि मुलीला झालरीच्या. सासऱ्यांची कानटोपी, त्यांच्यासाठी दिवसाची एक साधी टोपी, आणि बोगद्यासाठी व सकाळसाठी दोन-तीन लोकरीच्या. नवऱ्याची क्रिकेटची टोपी रेनकोटच्या आत. तुमची गवती हॅट विमानात हातात धरून आणणार असाल तर आणा. एल्समियरला ब्लेक मियर नावाच्या तळ्याच्या काठाने कालवा झाडांखालून जातो, तिथे वारा लागत नाही. पुढच्या बाकावर बसून ती घाला.